बेलटोलीच्या शाळेला गुलाबचं कुलूप

बपेऱ्याच्या रस्त्यानं जाताना एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून कच्ची वाट आत वळते, ती बेलटोलीत. टोलीच्या तोंडाशीच जिल्हा परिषदेची शाळा आहे. आहे म्हणजे, इमारत आहे. एक खोली स्लॅबची, एक जुनी कवेलूची, म्हणजे कौलारू, आणि त्या कवेलूच्या खोलीत गुलाब मेश्रामचा जीव अडकलेला. लोक हसायचे त्याला. म्हणायचे, ‘गुलाबभाऊचं घर गळलं तं चालते, शाळा गळली तं त्याले झोप नाई लागत.’ हसायला लोकांचं काय जातं?

पण त्यामागे गोष्ट होती. गुलाबचा बाप अंगठेबहाद्दर. मोहल्ल्यानं धम्म घेतला तेव्हा विहार बांधायचा विषय निघाला, आणि हा अंगठेबहाद्दर माणूस सभेत उठून म्हणाला, “विहार मागून बांधू. पहिले शाळा.” नाल्यातले दगड बैलबंडीनं वाहून या लोकांनी ती खोली उभी केली. गुलाब तिथंच चौथीपर्यंत शिकला. पुढं शिकणं काही झालं नाही, पण सही झकास करायचा आणि पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. पोटासाठी तो दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, राबायचा, अन् उन्हाळ्यात कवेलू फेरायचा. पाणकाळ्याच्या आधी छपरावर चढून फुटके कवेलू काढायचे, चांगले नीट बसवायचे, हे काम त्याच्यासारखं त्या भागात कोणाला जमत नसे. मे महिन्यात बोलावणी यायची, पण गुलाबचा पहिला दिवस शाळेचा. मजुरी नाही, काही नाही. बायको, धुरपता, खालून कवेलू द्यायची. तीच शाळेत पोरांची खिचडी शिजवायची.

अशा माणसाला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं तर तो काय करणार? धुतलेला सदरा घालून रोज शाळेत जाऊन बसू लागला.

तेव्हा शाळेत दोन मास्तर होते. एकाची बदली झाली आणि जागा तशीच राहिली. उरलेला मास्तर बिचारा चार वर्ग एकटा सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे, अर्धा दिवस मोबाइलवर वरच्यांना माहिती पाठवायचा, आणि उरलेल्या अर्ध्यात पोरांना ‘पाढे म्हणा रे’ सांगून पुन्हा मोबाइल हातात घ्यायचा. गुलाबनं तालुक्याला अर्ज दिले. साहेब म्हणायचे, पाहतो. पाहणारे ते पाहतच राहिले.

इकडं सडकेवर एक इंग्रजी शाळा निघाली. पिवळी व्हॅन, टाय, बूट. टोलीतली दोन-चार पोरं व्हॅनमध्ये बसू लागली, आणि बाकीच्यांच्या आयांचे डोळे त्या व्हॅनमागं जाऊ लागले. यात त्या आयांचं काय चुकलं, सांगा ना.

उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत हा विषय निघाला. गुलाब उभा राहिला. “सरकार त्या इंग्रजी शाळेले गरिबाच्या पोराची फी भरून देते. चांगलं हाये. पण तेच पैसे इकडं लावून आमाले एक मास्तर काहून नाई देत? शाळा बिमार हाये तं दवापाणी करा ना जी. पोट्टे उचलून दुसरीकडं नेले म्हंजे काय शाळा सुधरली?”

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून संघपाल उठला. संघपाल म्हणजे गुलाबचाच पोरगा, तुमसरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला. बापाइतकाच हट्टी.

“बाबा, सरकारचा पैसा शाळेचा नाई, लेकराचा हाये,” तो म्हणाला. “लेकरू जाईन तिकडं पैसा गेला पायजे. मले तं वाटते, सगळ्याच लेकराइचा पैसा असा मायबापाच्या हाती द्यावा, म्हंजे मास्तरलोकं आपोआप शिकवतीन. माहा अख्खा जलम गेला, मले इंग्रजीत एक पत्ता वाचता येत नाई. सरकारी जागेच्या सोडतीत रुचिताचा नंबर लागला हाये. मी तिले व्हॅनमंदी बसवणार.”

रुचिता म्हणजे गुलाबची नात, सहा वर्षांची. आजाच्या खांद्यावर बसून शाळेच्या छपरापर्यंत जाणारी. तिचा नंबर लागल्याचं गुलाबला असं चारचौघांत कळलं. त्याचं तोंड उतरलं. तरी तो म्हणाला, “अन् ज्याचा नंबर नाई लागला तो? सत्यभामाची गुड्डी पाय ओढत चालते, तिच्या घरापर्यंत व्हॅन तरी जाईन काय?”

“शाळा वाचवासाठी मी माही पोरगी गहाण टाकू काय, बाबा?”

“दुसरा मास्तर आला तं?”

बापाचं तोंड पाहून संघपालला वाईट वाटलंच असेल. म्हणाला, “दोन मास्तर आले तं रुचिता इथंच बसन. जा, शब्द देलो.”

झालं. त्या शब्दापायी गुलाब पेटला. शेजारच्या गावानं आदल्या साली शाळेला कुलूप ठोकलं होतं. पेपरात फोटो आला, साहेब धावत आले, आणि आठवडाभरात त्या गावाला मास्तर मिळाला होता. आपल्याकडं ही रीतच पडली आहे ना. अर्ज केला की कोणी ऐकत नाही, कुलूप ठोकलं की गाड्या येतात. समितीत ठरलं, शाळा उघडायच्या दिवशी कुलूप ठोकायचं.

धुरपतानं चुलीपाशी बसल्या बसल्या एकच गोष्ट विचारली. “अजी, त्या गावानं कवा ठोकलं होतं? हिवाळ्यात. आपुन कवा ठोकून राहिलो? धानाचं रोवणं तोंडावर हाये. बाया बांधीत गेल्या तं पोट्टे कुठी ठेवतीन? शाळेतच ठेवते ना सारे. दिवाळीनंतर ठोका.”

“दिवाळीपर्यंत रुचिता गेली असन,” गुलाब म्हणाला. “चार दिवसाचा तं खेळ हाये. साहेब येतीन अन् मास्तर भेटन.”

“नका ठोकू जी,” धुरपता म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. अहो, माणूस चांगल्या कामाला निघाला ना, की कोणाचं ऐकत नाही.

शाळेचं स्वतःचं कुलूप म्हणजे नुसतं नावाला, झटका दिला की उघडणारं. म्हणून गुलाबनं घरचं आणलं. मोहाडीच्या बाजारातून घेतलेलं, पितळी, हातात जड लागणारं. घोषणा झाल्या, फोटो निघाला, गुलाबनं सगळ्यांसमोर कुलूप दाबलं आणि चाबी सदऱ्याच्या खिशात टाकली. त्या दिवशी त्याचा चेहरा पाहायला पाहिजे होता. लग्नातल्या नवरदेवाचाही तसा नसतो.

चार दिवस झाले. कोणी आलं नाही. फोन केला तर साहेब दौऱ्यावर. पेपरवाल्यानं फोटो छापला तो आतल्या पानात, तळाशी. आणि पाणी लागलं, बांध्या भरल्या, रोवणं सुरू झालं. बेलटोलीतली एकूण एक बाई पहाटे भाकर बांधून चिखलात उतरायची ती दिवस बुडताना घरी. रोवण्याच्या दिवसात शाळा म्हणजे निव्वळ शाळा नसते हो. पोरं तिथं डोळ्यांसमोर असतात, धुरपताच्या हातचं गरम खातात, म्हणून आया बिनघोर असतात. आता दाराला कुलूप, चूल थंड, आणि पोरं दिवसभर बोडीच्या पाळीवर. एका दुपारी प्रविण नावाचं पोर पाय घसरून बोडीत गेलं. म्हशीवाल्या बाबुलालनं पाहिलं म्हणून केसाला धरून काढलं. नाही तर काय झालं असतं, बोलवतही नाही.

त्या संध्याकाळी टोलीत चूल पेटली नाही अशी घरं होती. प्रविणची आई, मंगलाबाई, चिखलाच्या पायांनीच गुलाबच्या दारात आली. “गुलाबभाऊ, मास्तर येईन तवा येईन. माहं लेकरू गेलं असतं ना जी आज!” गुलाब मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीपासून व्हॅन टोलीत आत येऊन थांबू लागली. ‘सकाळी दारातून नेतो, संध्याकाळी दारात सोडतो, फी धान निघाल्यावर द्या,’ एवढंच ड्रायव्हर म्हणाला. बायांना आणखी काय पाहिजे होतं? इंग्रजीचा विचार तिथं कोणी केला नव्हता. पोर दिवसभर चार भिंतींच्या आत राहील, एवढाच हिशोब. आधी प्रविण गेला. मग त्याच्या शेजारचे. गुलाब कुलपापाशी ठाण मांडून बसलेला असायचा, आणि समोरून व्हॅन जायची. आतली पोरं हात हलवून ओरडायची, “आबाजी! आबाजी!” त्यात रुचिताही होती. गुलाबही हात हलवायचा.

रोवणं संपता संपता आदेश आला. भावना म्हणून एक तरुण मॅडम दुसऱ्या मास्तरच्या जागी हजर झाल्या. जिंकला की गुलाब! त्यानं कुलूप काढलं, शाळा झाडली, दारात उभं राहून हात जोडले. “जयभीम, म्याडम. या.” मॅडम आत गेल्या आणि इकडंतिकडं पाहू लागल्या. आत गुड्डी बसली होती, आणि तिच्यासारखीच, ज्यांना व्हॅन परवडली नाही ती दोन-तीन पोरं.

गुलाब घरोघर फिरला. “म्याडम आली वो, पोट्टे आणा.” कोणी म्हणालं, आता ड्रेस शिवला जी. कोणी म्हणालं, तिथं टीव्हीवर शिकवते. मंगलाबाई नुसती सुपात तांदूळ पाखडत राहिली. शेवटी तो स्वतःच्या घरी आला. संघपाल जेवत होता.

“दोन मास्तर आले,” गुलाब म्हणाला. “तुहा शब्द.”

संघपालनं घास खाली ठेवला. “देला होता, बाबा. मी कायले नाई म्हणू? पण रुचिता तिथं इंग्रजीत कविता म्हणते. अन् इथं आणली तं तिच्या वर्गात तिच्या बाजूले बसाले कोण हाये, सांगा? मले खोटा म्हणा, चारचौघात खोटा म्हणा. पोरगी नाई आणत.”

गुलाबला राग यायला पाहिजे होता. आला नाही. कारण पोरगा बरोबर बोलत होता. तिच्या शेजारी बसणारी पोरं त्यानंच तर व्हॅनमध्ये बसवून दिली होती. तो उठून मागं सांदवाडीत, परसात, गेला, धुरपताही मागून गेली. “मी तुमाले म्हणली होती,” एवढं तिच्या ओठावर आलं असेल. तिनं नुसता पाण्याचा गडवा त्याच्यासमोर ठेवला.

भावना मॅडमनं मात्र जीव ओतला, खोटं नाही बोलायचं. वर्षभर त्या तीन-चार पोरांना त्यांनी असं शिकवलं की गुलाब खिडकीखाली बसून ऐकत राहायचा. गुड्डी धडाधड वाचू लागली. ‘एवढं आधी झालं असतं तं,’ असं त्याच्या मनात यायचं आणि तो उठून जायचा.

उन्हाळ्यात पत्र आलं. पट कमी, म्हणून शाळा बंद, पोरांनी नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत जायचं. मास्तर आणि मॅडम, दोघांचीही बदली झाली. जाताना मॅडम गुड्डीला पोटाशी धरून रडल्या. बाकं, फळा, खिचडीची गंज-पातेली, सगळं ट्रॅक्टरवर चढलं. केंद्रप्रमुख साहेब सोबत होते. दार ओढून घेतलं आणि खिसे चाचपत म्हणाले, “अरे, कुलूप आणायचं राहिलंच. अध्यक्ष, तुमच्या घरी होतं ना ते, मागच्या वेळचं? तेच लावून द्या ना.”

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. सहज बोलला तो. गुलाब घरी गेला, खुंटीवरचं पितळी कुलूप काढलं, आणि पुन्हा त्याच कडीत, त्याच हातानं दाबलं. साहेब म्हणाले, चाबी राहू द्या तुमच्यापाशीच. ट्रॅक्टर निघून गेला.

आता धुरपता दुसऱ्यांच्या रोवण्याला जाते. रुचिता रोज व्हॅननं जाते, संध्याकाळी आजाला इंग्रजी महिने म्हणून दाखवते, आणि तो ‘वा बेटा’ म्हणतो. मनापासून म्हणतो. गुड्डीला पाय ओढत नाला ओलांडणं होत नाही. इंग्रजी शाळेतली सरकारी जागा फक्त पहिल्या वर्गातच मिळते, आणि गुड्डी तर चौथीत जायची होती. तिच्या आईनं, सत्यभामानं, तिच्या हाती शेळ्या दिल्या.

यंदाही मे महिन्यात गुलाब कवेलू फेरायला शाळेवर चढला. कोणासाठी, ते विचारू नका, धुरपतानंही विचारलं नाही. खाली भिंतीच्या सावलीत गुड्डी शेळ्या घेऊन बसली होती. जरा वेळानं ती वर पाहून म्हणाली, “आबाजी, चाबी तुमच्यापासी हाये ना?”

“हाये बेटा.”

“मंग खोला ना जी. मी एकटीच बसीन. गलका नाई करीन.”

गुलाबनं हातातला कवेलू बसवला. “नाई खोलता येत बेटा. सरकारनं बंद केली शाळा.”

गुड्डी कुलपाकडं पाहत राहिली. “पण कुलूप तं तुमचं हाये,” ती म्हणाली. “तुमीच ठोकलं होतं ना?”

गुलाब शिडीवरून हळूहळू खाली उतरला आणि तिच्याजवळ पायरीवर बसला.

“हाव बेटा,” तो म्हणाला. “म्याच ठोकलं.”