हैफाच्या आजोबांसाठी मळणी

निरगुडसरात हिब्रू भाषा येणारं माणूस एकच, आणि ते माझ्या दुकानात रिचार्ज मारायला येतं. यशोधरावहिनी. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे गावातल्या बऱ्याच गोष्टी मला न विचारता कळतात. उरलेल्या मी विचारतो. लोक मला भोचक म्हणतात, म्हणोत. भोचकपणा केला नसता तर गेल्या उन्हाळ्यातली ती मळणी माझ्या हातून निसटली असती.

वहिनींचं माहेर अवसरी खुर्दचं. वडील इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना डबे पोचवायचे. बारावीनंतर वहिनींनी रुग्णसेवेचा कोर्स केला, मंचरला दवाखान्यात नोकरी धरली, रुपेशशी लग्न होऊन आमच्या गावात आल्या आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर एक दिवस म्हणाल्या, मी इस्राईलला चालले, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. गाव हादरलं. तिकडं बॉम्ब पडतात, असं प्रत्येकानं येऊन सांगितलं. "आन हायवेवर काय पडतं मग, फुलं?" एवढंच त्या बोलल्या. रुपेशचा पिकअप टेम्पो रोज त्याच हायवेनं जातो.

हैफा नावाच्या शहरात त्यांना एफ्राईम नावाचे आजोबा सांभाळायला मिळाले. तिकडे आजोबांना 'सबा' म्हणतात, म्हणून याही सबा म्हणायला लागल्या. सबा निवृत्त मास्तर. जन्मभर शाळेत पोरांना यहुद्यांचं जुनं शास्त्र शिकवलेलं. डोळे अधू झाले तसं त्यांना वाचून दाखवायला माणूस हवं झालं, आणि घरात माणूस एकच होतं. त्यांनी वहिनींना उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं गिरवायला लावली. आधी वहिनी अर्थ न कळता वाचायच्या. ते सबांना सहन होईना. मास्तरच ते. वहिनी खिचडी ढवळत असल्या तरी एकेक शब्द थांबवून, सोलून समजावायचे. वहिनी म्हणतात, "माझ्या शाळेत आसा मास्तर आसता तर मी कलेक्टर झाले आसते." त्या खरंच झाल्या असत्या असं मला वाटतं.

त्यातच एकदा 'दूश' हे क्रियापद आलं. दूश म्हणजे तुडवणं. पण कसलं तुडवणं, तर आधी खळ्यावरचं. बैल कणसांवरून गोल फिरतो आणि पायानं दाणे मोकळे करतो, ते दूश. मग रानातलं जनावर शहामृगाची अंडी पायाखाली चिरडतं, तेही दूश. जिंकलेल्या गावाच्या अंगावरून राजा लोखंडी दात्यांचा मळणीचा फळा फिरवतो, तेही दूशच. आणि एका जागी देव आख्ख्या नगरीला बाईसारखी हाक मारून सांगतो की ऊठ, आता तू तुडव. एकाच पायानं पोटही भरतं आणि माणूसही चिरडतो, असं सबा म्हणायचे. पाय कुणाचा आणि खाली काय, एवढंच बघायचं. आजकाल तिकडची माणसं एकच विषय घोळवत बसली की त्यालाही हाच शब्द लावतात. आपण दळण दळतो, ते मळणी करतात.

याच शब्दाला धरून त्यांच्या शास्त्रात एक कायदा आहे. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकी बांधायची नाही. मुसकी म्हणजे दोरीची जाळीदार टोपली, बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला अडकवतात ती. ज्याचा पाय तुडवतोय त्याचं तोंड बांधू नये, हे सबांचं आवडतं वाक्य. शाळेत पोरांना त्यांनी हे इतकी वर्षं शिकवलं. आणि एका संध्याकाळी खिडकीशी बसून वहिनींना म्हणाले, मी शहरात जन्मलो, शहरातच शिकवलं. बैलाला मळणी करताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

"आमच्या गावात दाखवीन तुमाला," वहिनी बोलून गेल्या.

पुढे इकडे वहिनींची मुलगी आरोही मोठी झाली. एकदा तिनं व्हिडिओ कॉलवर स्वतःची स्वतः घातलेली वेणी दाखवली, आणि वहिनींना तिथं राहवेना. करार संपताच त्या परत आल्या. सबांकडे दुसरी बाई आली, पण दर शनिवारी संध्याकाळी फोन ठरलेला. गेल्या वैशाखात त्या माझ्या दुकानात आल्या त्या तोंड पाडूनच. सबांचा एक डोळा गेला होता, दुसराही महिन्या-दोन महिन्यांत जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. सबांनी काही मागितलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, तुमच्याकडे बाजरी कधी निघते?

उन्हाळी बाजरी शेतात उभी होती. प्रश्न बैलाचा होता.

आता आमच्या भागात बैल नाहीत असं कोण म्हणेल? जुन्नर-आंबेगावात माणसापेक्षा बैलाचा थाट मोठा. पण ते बैल बैलगाड्याच्या शर्यतीचे. दूध पितात, अंडी खातात, पंख्याखाली झोपतात. नांगर त्यांनी लांबूनही पाहिलेला नाही. नांगराला ट्रॅक्टर, मळणीला मशीन, आणि बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळायला. वहिनी ओतूरपर्यंत फिरून आल्या, मळणीचा बैल काही मिळाला नाही. शेवटी गोरख म्हणाला, "वहिनी, माझा फौजदार न्या की. बैलच हाय ना त्यो?"

गोरख आमच्या गावातल्या जुन्या जमीनदार घरातला, मनानं मोकळा, पण फौजदाराच्या बाबतीत त्याचं डोकं चालत नाही. शर्यतीच्या बैलाला मळणीला जुंपायचं, हे फक्त आमच्याकडच्या माणसालाच सुचेल. मी तसं म्हणालोही. मला दोघांनीही गप्प केलं.

वहिनींच्या सासूबाई, जानकाबाई, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी स्वतः उभं राहून खळं करून घेतलं: अंगण चोपलं, शेणानं सारवलं, मधोमध खांब रोवला. त्या खांबाला तिवडा म्हणतात, त्याभोवती बैल फिरतो. कणसं पसरली. ऊन चढलं, कणसं कुरकुरीत झाली, आणि मी फोन लावला. तिकडे न्याहारीची वेळ. पडद्यावर सबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले, नाक पार कॅमेऱ्याला लावून.

फौजदार आला. शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि तोंडाला नवीकोरी मुसकी. रविवारी शर्यत होती, म्हणून गोरखनं ती घरूनच बांधून आणली होती. गडबडीत वहिनींचं तिकडे लक्ष गेलं नाही. दोर तिवड्याला अडकवला. बैलानं दोन पावलं टाकली, आणि जमलेल्या बघ्यांपैकी कुणाच्या तरी तोंडून सवयीनं शर्यत सुटतानाची आरोळी गेली, "भिर्रर्र."

झालं. फौजदाराला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली होती. तिवडा उपटून, बाजरी उधळून तो सरळ रेषेत सुटला तो शेजारच्या उसात जाऊन थांबला. मला हसू आवरेना, फोन हलायला लागला. पलीकडून सबांनी काहीतरी विचारलं. वहिनींनी मराठीत सांगितलं, "विचारत्यात, तुमच्याकडं मळणी आशीच आस्ती का?"

बैल परत आणला, तिवडा पुन्हा ठोकला. आता फौजदार हलेनाच. गोरखनं चुचकारलं, शेपटी पिरगाळली, लाडीगोडी लावली. बैल ढिम्म. मी फोन जवळ नेला तेव्हा सबांना बैलाचं तोंड पहिल्यांदा नीट दिसलं असावं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते हळू आवाजात दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मुसकी हाय म्हनले," वहिनींनी सांगितलं. "म्हनले, हे मला बघायचं न्हाई."

"वहिनी, माझं ऐका," गोरख म्हणाला. "उपाशीपोटी कणसं चरला तर पोट फुगंल त्याचं. रविवारी घाट हाय. वर्षभर जीव लावलाय मी त्याला. म्हातारबाबाला म्हनावं, तुमचा कायदा तुमच्याकडं."

त्याचंही खोटं नव्हतं. वहिनी नुसत्या फोनकडे बघत राहिल्या. तिकडे एक म्हातारा, ज्याच्याकडे थोडाच उजेड उरला होता, तो डोळे मिटून बसला होता. मला त्या क्षणी सगळ्या बैलांचा राग आला.

जानकाबाई तोवर खळ्याच्या कडेला बसून होत्या. त्यांनी विचारलं, "कसला कायदा?" वहिनींनी सांगितला.

"माझा बाप दुसऱ्याच्या खळ्यावर बैल हाकायचा," जानकाबाई म्हणाल्या. "आमी पोरं मागनं कणसं सावडायचो. बैलाला मुसकी आन आमाला दम. एकदा मी चिमूटभर बाजरी तोंडात टाकली, तर मालकानं तोंड उगडून बोट फिरवलं व्हतं."

गोरखनं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, "कुणाचं खळं व्हतं, मावशी?"

"कुणाचं का आसंना. तुजं न्हवतं."

गोरख उठला. फौजदाराच्या कानामागची गाठ घट्ट बसली होती, ती त्यानं दातानं सोडवली. मुसकी काढून उसाच्या बांधावर भिरकावली. "थोडंच खा रे बाबा," बैलाला म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळेही पुसले. हे मी पाहिलं. सांगणार नव्हतो, पण आता सांगितलं.

तरी बैल फिरेल तर शपथ. मग जानकाबाईंनी पदर खोचला, मूठभर कणसं घेतली, बैलाच्या नाकासमोर धरली आणि चालायला लागल्या. अनवाणी, कणसांवरून, तिवड्याभोवती. फौजदार मागं निघाला. घाटात वाऱ्यासारखा सुटणारा तो बैल म्हातारीच्या चालीनं चालला. एक फेरा, दुसरा, मग मोजायचं कुणाला सुचलंच नाही. पुढं तिचे पाय, मागं त्याचे खूर, आणि खाली बाजरी मोकळी होतेय.

"सबा," वहिनींनी हाक मारली.

सबांनी डोळे उघडले. पडद्याला इतके भिडले की फक्त भुवई दिसत होती. नंतर त्यांनी हातानं खूण केली, खाली, खाली. मी फोन घमेल्याला टेकवून जमिनीलगत ठेवला. कणसं चुरडल्याचा आवाज यायला लागला. सबा ऐकत होते, ओठांतल्या ओठांत तोच एक शब्द, दूश, घोळवत. दोन्ही गाल ओले, आणि हसत होते.

मग त्यांनी काहीतरी विचारलं. जानकाबाई फेरा पुरा करून फोनपाशी थांबल्या, मागं बैलही थांबला.

"काय म्हनतोय गं?"

"विचारत्यात, बैल खातोय का."

म्हातारीनं हातातलं उरलेलं कणीस तळव्यावर चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला, दाणे तोंडात टाकले. बोळक्या तोंडानं सावकाश चावत फोनवर वाकली.

"सांग त्याला. बैल बी खातोय आन मी बी खातीय. कुणाच्या बापाला इचारलं न्हाई."

यशोधरावहिनींनी ते सगळं, बापासकट, हिब्रूत सांगितलं.