मापणीच्या दगडाची उत्तरपूजा

इंदूरहून उज्जैनला मेट्रो येणार, हे आमच्या माधव नगरात काही वर्षे ऐकू येत होते. ज्या गावी यात्रेकरू येतात तिथे वाहनेही येणारच, याहून अधिक विचार मी त्याचा केला नव्हता. त्या कामात पहिला घोटाळा माझ्याच हातून व्हावा, आणि तो मी लपवावा, हे मला सुचलेही नसते.

माझा जुना नेम असा. सकाळी रामघाटावर स्नानसंध्या आटोपली की पुडीत उरलेली फुले मी घरी नेत नाही. ऑटोतून गल्लीच्या तोंडाशी उतरतो आणि वाटेत जो शेंदरी देव दिसेल त्याला वाहतो. आमच्या गावात असे देव कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. हा केव्हापासून, हा कोणाचा, असे कोणी विचारत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लिंबाखाली मला असाच एक तांबडा दगड दिसला. दोन जास्वंदी वाहून, हात जोडून मी घरी आलो.

पुढे आठवडाभर डोळ्यात थेंब घालून घरातच होतो. बाहेर पडलो तेव्हा त्या दगडावर शेंदूर चढला होता, नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या, वर पत्र्याचे छप्परही उभे होते. पंडितजींनी, म्हणजे मी, पूजा मांडली, म्हणून गल्लीने पुढे चालवली. नव्या डोळ्याने मी जवळून पाहिले. तो सिमेंटचा ठोकळा होता. मध्ये खिळा, बाजूला लाल रंगात आकडे. मेट्रोची मापणी करणाऱ्यांनी आपली खूण रोवली होती.

त्याच क्षणी बोलायला हवे होते. मला लाज वाटली. जन्मभर विद्यार्थ्यांना मूर्तीची लक्षणे शिकवली, आणि आता हे कोणत्या तोंडाने सांगू? जपाला बसलो की माळेचा मेरुमणी कधी ओलांडला ते कळेना. पत्नीला सांगितले तेव्हा ती आधी पदर तोंडाला लावून हसली, मग म्हणाली, "अहो, हसले ते सोडा. पण आज सांगाल तर चूक म्हणतील. पंधरा दिवसांनी सांगाल तर काय म्हणतील?" तरीही चार दिवस मी गेलो नाही.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारीण आली. ती एकटी असते. पुढच्या खोलीत भैरवगढच्या छापाच्या चादरी विकते, त्यावरच तिचे घर चालते. मेट्रोच्या खांबांची रेघ त्या खोलीवरून जाणार, असे तिला कोणीतरी सांगितले होते. देव मध्ये आला तर साहेब लाइन सरकवतील, ही गल्लीची आशा. उद्या मापणीवाले परत येणार होते. तिला खरे काय ते ठाऊक होते, कारण दगड रोवताना ती दुकानातच बसलेली होती.

"भाऊ, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त गप्प राहा. बाकी लोक बोलतील."

ती गेली. संध्याकाळभर अंगणात येरझारा घातल्या. गप्प राहणे हे असत्य नव्हे, असे मनाला पटवायला मला आधारवचनेही सुचत होती, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटली.

सकाळी एक तरुण इंजिनिअर मुलगी मापणीची तिपाई घेऊन आली. लोकांनी तिला घेरले. देव जुना आहे, आजोबांच्या वेळचा आहे, असे एकेक जण सांगू लागला. तिने वाद घातला नाही. चपला काढून ती थोडी मागे उभी राहिली आणि माझ्याकडे वळली. "दादाजी, सब आपका नाम ले रहे हैं. आप बताइए, ये पहले से था क्या?"

शेजारीण दुकानाच्या दारात होती. मी तिच्याकडे पाहिले नाही.

"नहीं, बेटी. पत्थर आपका है. पहला फूल मैंने चढ़ाया था, आँख की गलती से."

कोणीतरी मागून म्हणाले, "आता बुवांनीच देव बुडवला." बाकीचे पांगले. मुलगी फडके घेऊन पुढे झाली, तिला मी थांबवले. इथे प्राणप्रतिष्ठा झाली नव्हती, हे मला कळत होते. पण इतक्या जणांनी हात जोडले ते पुसून टाकायचे नसते. देवाला निरोप देण्याची उत्तरपूजा मी तिथेच केली. अक्षता वाहिल्या, दगड जरा हलवल्यासारखे केले आणि मगच शेंदूर पुसू दिला. रेघ अजून ठरलेली नाही, आणखी दोन मार्ग तपासायचे आहेत, लोकांच्या हरकती लेखी घेतात, असे जाताना मुलीने सांगितले.

मी शेजारणीच्या दाराशी गेलो. तिने बसा म्हटले नाही.

"तुमचं खरं झालं, भाऊ. माझ्या दुकानाचं काय?"

हरकतीचा अर्ज लिहून देतो, असे मी म्हणालो. तिने गल्ल्याखालून कागद काढून दिला. मी हिंदीत लिहू लागलो: प्रार्थिनी की आजीविका का एकमात्र साधन... दोन ओळी वाचून तिने पेन माझ्या हातून घेतले आणि त्या खोडल्या.

"इतकं जड नको. लिहा, मेरी दुकान इसी कमरे में है, मैं अकेली हूँ."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो.