चालणाऱ्या खुर्चीचं उद्घाटन

माझ्या कमरेचा पट्टा आवळताना मंडळाच्या अध्यक्षकाकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी बाबांना विचारलं, "वजन किती हो हिचं?"

"पंचावन्न असेल. थोडं जास्तही असेल, सॉरी," बाबा म्हणाले.

मी सत्तावीस वर्षांची होते. पोलिओने दोन्ही पाय लहानपणीच गेले. डोकं, जीभ, नोकरी, सगळं शाबूत. सोडाला भागातल्या एका ऑफिसात दिवसभर टेलिफोनवर लोकांशी बोलायचे. पण जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात माझं वजन बाबांना विचारायची पद्धत.

मंडळाचा गणपती पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसायचा. बँकेने बाबांची इथे बदली केली आणि आम्ही अकोल्याहून आलो, तेव्हापासून मला वर उचलूनच नेत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, चौघांनी चार पाय धरायचे. कुणाची कंबर धरायची, कुणाचा झब्बा चुरगळायचा. मी सॉरी, सॉरी म्हणत वर पोचायचे. आई घरून निघतानाच बजावायची, "पाणी कमी पी, तिथे कोण नेणार तुला?" तहान लागली तरी अपराधी वाटायचं.

त्या वर्षी जयपूरच्याच सीतापुरा भागातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या निखिलने चालणारी खुर्ची बनवली होती. चाकं नाहीत. गुडघ्यात दुमडणारे ॲल्युमिनियमचे पाय आणि सीटखाली जड बॅटरी. जिना चढते म्हणे. काकांनी ठरवलं, आरतीला प्रमुख पाहुण्यांसमोर ही खुर्ची मला घेऊन वर चढणार. फोटोग्राफर बोलावला. बाबांनी परस्पर हो म्हटलं. मला कळलं ते खुर्चीत बसवल्यावर.

निखिलने बटण दाबलं. खुर्चीने एक पाय उचलला, मग दुसरा. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. कुणाचा हात न लागता मी वर जात होते.

चौथ्या पायरीवर ती करकरली आणि मागे कलून तशीच उभी राहिली. निखिल घामाघूम. "कोई हाथ मत लगाना, बॅलन्स जाएगा," तो म्हणाला.

काकांनी घड्याळ पाहिलं. "पाहुण्यांना पुढे जायचंय, आरती उरकून घेऊ. तू बस हं बेटा, प्रसाद इथेच पाठवतो."

सगळे माझ्या बाजूने वर गेले. साड्या सावरत, अंग चोरत. यंत्र निखिलचं, हौस काकांची, आणि प्रत्येकाला सॉरी मी म्हणत होते.

वर झांजा सुरू झाल्या. बाबा खालच्या पायरीवर हात पसरून उभे, मी पडलेच तर झेलायला. हळूच म्हणाले, "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं." माझ्यापायी त्यांची आरती हुकली म्हणून पुन्हा मलाच अपराधी वाटलं. आणि मग संताप आला. मी नेमकं काय केलं होतं? काहीही नाही. मी फक्त बसले होते, जिथे बसवलं तिथे.

आरती संपली. तोवर निखिलने खुर्चीचे पाय पक्के केले होते, आता हात लावायला हरकत नव्हती. काका चार मुलं घेऊन उतरले. "उचला रे हिला. वर फोटो राहिलाय."

"वर नाही," मी म्हणाले. "मला खाली न्या. आणि बाबांकडे बघू नका, मी बोलतेय."

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं?"

"माझ्यासाठी करायचं असतं, तर गणपती खालच्या खोलीत बसवला असतात."

खालच्या खोलीत मंडळाच्या सतरंज्या आणि जुने पडदे कोंबलेले असत. काकांनी मुलांना खाली न्यायची खूण केली. मुलांनी मला खाली आणलं. सवयीने सॉरी ओठांवर आलं. गिळलं. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत, आणि ते माझ्या जिवाला अजून लागून आहे.

पुढच्या वर्षी काका निमंत्रण द्यायला घरी आले. मी विचारलं, "गणपती कुठे?"

"वरच. पण या वेळी आम्ही तुला अगदी अलगद..."

"मी येणार आहे," मी म्हणाले. "जिन्याच्या तोंडाशी बसणार आणि तिथूनच आरती म्हणणार. मोठ्याने. निखिलची खुर्ची धड चालायला लागली तरी तिथेच. वर उचलून नेऊ देणार नाही."

वर जाणाऱ्यांना माझ्याकडे बघावं लागेल. लाज वाटली तर वाटू दे. आजवर ती मी एकटीने वाहिली. आता नाही.