ताईच्या हातचा ट्रान्सफॉर्मर

ताईशी मी लहानपणापासून भांडते आणि ती लहानपणापासून ऐकून घेते, त्यामुळे भांडणाला मजाच येत नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, माझ्याच घरी मागच्या खोलीत राहते.

जन्मभर तिने ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंग केलं. म्हणजे लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून. रिटायर झाली तेव्हा मला वाटलं, आता बाई जरा टेकेल. कसलं काय! मागच्या खोलीत सोल्डरिंगचा धूर सुरू झाला. ही आपली सिंथेसायझर बांधायला लागली! सिंथेसायझर म्हणजे बटणं आणि खुंट्या लावलेला पत्र्याचा डबा. करंट दिला की गातो, रडतो, कधी कधी आजारी मांजरासारखा ओरडतो. मी म्हटलं, "ताई, या वयात लोक नातवंडं सांभाळतात."

"मला तुझी लेक आहे की," ती म्हणाली. "तेवढी पुरते."

ते मात्र खरं. माझी लेक, आमची बबडी, माझ्यापेक्षा मावशीचीच जास्त. तिला सर्दी झाली तरी आधी मागच्या खोलीत बातमी जाते. मग आम्ही आहोतच!

ताईचे नियम ऐकाल तर हसाल. चालू डब्याला एकाच हाताने शिवायचं, दुसरा हात पाठीमागे. नवा डबा थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचा नाही, मध्ये एक जुना पिवळा बल्ब जोडायचा. बल्ब भगभगून पेटला तर आत घोटाळा, मिणमिणला तर ठीक. तिला आलेली स्थळंही तिने त्या बल्बमधूनच बघितली असणार, असं मी म्हणते. एकही मिणमिणलं नाही.

बबडीला पहिल्यांदा स्टेजवर वाजवायला बोलावलं, तेव्हा ताईने तिच्यासाठी खास डबा बांधला. त्यात भिंतीतला करंट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळून बसवला. झाकण लावण्याआधी मला हाक मारून दाखवला. "बघ, एक वेढा वर-खाली नाही." मला काय डोंबल कळतंय त्यातलं! पण तिचा चेहरा असा खुलला होता की मी मुकाट्याने "छान आहे हो" म्हटलं.

डबा वाजायचा सुरेख, पण मोठ्या स्पीकरला जोडला की मागे सतत घूं घूं. "थांब, शोधते कारण," ताई म्हणाली. पण आमच्या कार्टीला दम कुठला! कुणा वाजवणाऱ्या मित्राने तिला सांगितलं, प्लगमधली हिरवी वायर काप, गुणगुण जाते. हिने कापली. गुणगुण खरंच गेली आणि ही घरभर नाचली.

दुसऱ्या दिवशी ताईने डबा चालू असताना त्याला बोटांची मागची बाजू टेकवली आणि झटकन हात मागे घेतला. मुंग्या आल्या होत्या. तिने प्लग खोलला. हिरवी वायर अर्थिंगची. आत काही बिघडून करंट पत्र्यावर आलाच, तर तो जमिनीत नेणारी. ती मुळापासून छाटलेली.

मी बबडीवर तुटून पडले. "अक्कल गहाण टाकलीस का गं? त्याच पत्र्यावर हात ठेवून वाजवणार होतीस ना?"

"सगळे बँडवाले असंच करतात," ती पुटपुटली.

"आण त्या सगळ्यांना माझ्यासमोर!"

ताई डबा उचलून मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बबडी दाराशी गयावया करत राहिली. "मावशी, नवी वायर लाव ना. मी परत नाही कापणार. शप्पथ!"

कार्यक्रमाच्या दिवशी ताईने डबा तिच्या हातात दिला.

"केवढा हलका झालाय!" बबडी म्हणाली.

"ट्रान्सफॉर्मर काढला त्यातला." ताईने काळा प्लास्टिकचा अ‍ॅडॅप्टर पुढे केला. "भिंतीतला करंट याच्यातच थांबतो. डब्यात जातात ते फक्त बारा व्होल्ट. याला अर्थिंग लागतच नाही, त्यामुळे कापायलाही काही नाही. उलटासुलटा जोडलास तरी आत काही जळणार नाही. आणि ती गुणगुण पण गेली."

बबडीचा चेहरा उतरला. "पण तो तू गुंडाळला होतास! माझ्यासाठी! शिक्षा करतेयस ना मला?"

"नाही गं राणी. वायर कापली नसतीस तरी काढायलाच हवा होता, मला उशिरा सुचलं. आपल्या घरातलं अर्थिंग मला माहितीये. तू आता कुठे कुठे वाजवायला जाशील, तिथल्या भिंती तपासायला मी थोडीच येणार?"

बबडीला काही ते पटलं नाही. गाडीत सगळा रस्ता ती खिडकीकडे तोंड करून बसली.

हॉलमध्ये ताईने पिशवीतून मीटर काढला आणि स्टेजवरचा सॉकेट तपासला. करंट होता, काटा वर गेला. मग तिने एक टोक अर्थिंगच्या भोकात घातलं. काटा पडला तो पडलाच. तिने पुन्हा घालून बघितलं. काही नाही. ते भोक नुसतं शोभेला होतं, मागे तारच नव्हती. म्हणजे हिरवी वायर शाबूत असती तरी तिचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

बबडी शेजारीच उभी होती. तिला कळलं. मलाही कळलं. हॉलच्या मॅनेजरला मी काय काय सुनावलं ते इथे सांगत नाही.

परत आले तर ताई स्टेजच्या पायरीवर मटकन बसलेली. "माझ्या हातच्या डब्याने..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. बबडीने सगळ्या मित्रमैत्रिणींसमोर तिच्या गळ्यात हात टाकले.

"मला काही झालं नाहीये, मावशी. हे बघ, इथेच आहे मी."

माइकवरून बबडीला पुकारलं, तरी ताई तिला सोडेना. शेवटी मीच तिची बोटं हळूहळू सोडवली.