गाईला विचारलेला प्रश्न

ये गं गोदे, अशी जवळ ये. कागदातून कशी जवळ येऊ म्हणशील, पण मी बोलते तशीच लिहिते, तेव्हा तूही ऐकल्यासारखी वाच. आधी तुला चांगली रागवून घेते. तुझ्या पत्रात चार पानं लोणच्याची नि जावेच्या बाळंतपणाची, आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून कोपऱ्यात कोंबल्यासारखं एवढंच : ‘मावशी, माझं मन हल्ली कधी उगाच उडतं, कधी उगाच बसतं. आठ-आठ दिवस भाकरीची चव कळत नाही. सासूबाई म्हणतात, सगळ्यांचंच असं असतं. तसंच असेल ना?’ अगं, जे पहिल्या ओळीत यायचं ते कोपऱ्यात लिहितात होय? आणि विचारायचं तेही असं, की समोरच्यानं ‘हो’ म्हणावं आणि सुटावं! असा ‘हो’ मी आयुष्यात एकदा म्हणून बसले आहे. कुणाला, ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आमच्या भासऱ्यांसारखा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि आता होणारही नाही. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. सातासमुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले, त्या वर्षांतली ही गोष्ट. भासरे अमरावतीच्या बाजारात कापसाचे पारखी होते. चिमूटभर कापूस घ्यायचे, दोन अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे, ‘हा दर्यापूरकडचा, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातला. दव सुकायच्या आधी वेचला.’ कुणी वजन वाढावं म्हणून गाडीवर पाणी मारलेलं असलं, की हसून म्हणायचे, ‘बाप्पा, तुह्या कापसाले घाम फुटला!’ बाजार हसायचा, आणि तो शेतकरी गाडी घेऊन मुकाट्यानं उन्हात उभा राहायचा.

थोरल्या जाऊबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या आणि भासऱ्यांनी दुसरेपण केलं नाही. घरात माणसं तीनच. त्यात हे कापसाच्या गाड्यांबरोबर महिना महिना बाहेर. म्हणजे घरात मी, भासरे, आणि आमच्यामध्ये रीत. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं पदर कपाळाखाली ओढायचा, तोंड वर करायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. तुमच्या वेळी हे पुष्कळ सैल झालं. आमच्या वेळी जेवायला वाढलंय हे सांगायचीही पंचाईत. मग भासऱ्यांनीच तोड काढली. अंगणात कपिला गाय बांधलेली असायची. ते तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, ‘कपिले, इचार बरं, भाकर झाली का?’ मी चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, ‘कपिले, सांग, पिठलं उतरलं की वाढतेच.’ पिठलं खारट झालं तर ‘कपिले, आज समुद्र इकडूनच गेला वाटते,’ आणि चांगलं झालं तर गाईची पाठ थोपटून तिलाच शाबासकी. शेजारणी म्हणायच्या, या घरात सर्वांत बोलकी ती गायच आहे. असा आमचा संसार चालला होता.

आता त्यांच्या मनाचं सांगते. मन चढलं, की त्या माणसाला आकाश ठेंगणं व्हायचं. एकदा घोडी पाहायला म्हणून अकोल्याला गेले. दहा दिवसांनी गल्लीत सनई-ढोलाचा गजर! बायका अक्षता हातात घेऊन दारात. बघतात तर पुढे भासरे, मागे चार वाजंत्री, आणि घोडी कुठेच नाही. कुणी विचारलं, ‘लगन कोनाचं हाय जी?’ तर म्हणतात, ‘कोनाचं नाही. रस्ता लांब हाय, एकट्याले कंटाळा येते.’ वाटेतल्या दोन गावांनी लग्नाची मंडळी समजून त्यांना जेवू घातलं होतं, आणि एका गावात तर भासरे स्वतःच व्याही होऊन मानपान घेऊन आले होते. अशा दिवसांत ते झोपायचे नाहीत, दमायचे नाहीत, बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घडवायचे आणि पायातले जोडे रस्त्यावर भेटेल त्याला देऊन अनवाणी घरी यायचे.

आणि मन उतरलं, की आमची सरकीची खोली. सरकीच्या ढिगावर भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. हाक मारली तर विहिरीतून यावा तसा हुंकार. बरं, यात गंमत अशी झाली गोदे, की साऱ्या बाजाराचंच मन त्या वर्षांत असं हेलकावे खात होतं. भाव चढला की लोक पेढे वाटायचे, उतरला की जेवण टाकायचे. त्यामुळे भासऱ्यांचं कुणाला वेगळं वाटेना. उलट लोकांनी असा समज करून घेतला, की हा पारखी माणूस, याला आधीच कळतं. भासरे हसले तर माल धरून ठेवायचा, भासरे बसले तर विकून टाकायचा! सकाळी सकाळी दलाल आमच्या ओट्यासमोर उगाच घुटमळायचे. एक लठ्ठ दलाल तर दारातून मलाच विचारायचा, ‘वहिनी, आज किती भाकरी खाल्ल्या त्याईनं?’ मी पदराआडून दोन बोटं दाखवायची. ‘दोनच? मेलो!’ म्हणत तो गडी धोतर सावरत बाजाराकडे पळायचा. हे ऐकून आम्ही पोट धरधरून हसायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो. सारं गाव त्यांचं तोंड पाहत होतं, आणि एकानंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या गावात मीही आले.

मग एक मार्गशीर्ष आला. भाव रोज चढत होता, आणि भासरे तीन आठवडे सरकीच्या खोलीतून उठले नव्हते. एक पिंजारी चाचा आमच्याकडे गादी पिंजायला यायचे. म्हातारे, दाढी रुईसारखीच पांढरी. त्यांनी भासऱ्यांना बोलतं करावं म्हणून दोन हातांत दोन जातींचा कापूस धरला. एक रेशमासारखा, एक पोरानंही फेकावा असा. ‘बोलो पारखी, कौनसा अच्छा?’ भासऱ्यांनी दोन्ही चिमटीत धरले, ओढले, पुन्हा ओढले. मग हात खाली टाकले. ‘दोनी सारखेच, चाचा. बोटाले काही समजूनच नाही राहिलं.’

चाचांनी पिंजण बाजूला ठेवली आणि माझ्या दाराशी येऊन हळूच म्हणाले, ‘बेटी, ये भाव का दुख नई है. इनकी उंगली सो गई. किसी हकीमकू दिखाओ.’

मी काय म्हणावं? ‘चाचा, भाव चढला की होतील बरे.’ भाव तर चढतच होता, गोदे! साऱ्या गावानं ते पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. पण डोक्यात एकच गाठ बसलेली, मन म्हणजे भाव. लोकांनी भासऱ्यांचं तोंड पाहून घाईघाईनं कापूस विकला, आणि दुसऱ्याच दिवशी भाव आणखी वर गेला. तो लठ्ठ दलाल अंगणात येऊन ओरडला, ‘काहून असं मेल्यावानी तोंड करून बसतो बे? आमचा सत्यानाश केला तुनं!’ भासरे उठले, सरकी झटकली, हात जोडले आणि म्हणाले, ‘चुकलं जी.’

त्याच दुपारी ते कपिलेपाशी आले. मी भाकर थापत होते. तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, ‘कपिले, एक इचारू? सर्वाईचंच मन असं होते का? सकाऊन उठावं तं छातीवर कोनी पोतं ठेवल्यावानी. उठूच वाटत नाही. सर्वाईलेच होते का असं?’

त्या माणसानं अख्ख्या आयुष्यात कुणाला विचारलेला हा एकच प्रश्न. रीत मोडून मला विचारता येत नव्हता, म्हणून गाईला विचारला. आणि मी तव्यावरची भाकर उलटत, धीर द्यावा म्हणून, मोठ्या शहाणपणानं म्हटलं, ‘कपिले, सांग त्याईले, सर्वाईचंच होते. दिसच तसे हायेत. आज उतरते, उद्या चढते.’

गाईच्या पाठीवर एक थाप ऐकू आली. मग, ‘असं हाय होय. मंग ठीक हाय.’

मला तर वाटलं, मी केवढं पुण्य केलं! पौषात एका सकाळी खोलीत सरकी होती, दाराशी जोडे होते, भासरे नव्हते. यांनी बडनेऱ्यापर्यंत पायपीट केली. तिथं आगगाडीसाठी मातीचा भराव घालणं चालू होतं, त्या मजुरांत शोधलं. दोन विहिरींत गळ टाकले. ते गळ रिकामे वर येईपर्यंत मी काठावर कशी उभी राहिले, माझं मला माहीत. आठव्या दिवशी निरोप आला, की रिद्धपूरला मठात आहेत, तिथले लोक जेवू घालताहेत.

आम्ही गाडी जुंपून गेलो. भासरे लिंबाखाली बसलेले, गालांची हाडं वर आलेली. हे म्हणाले, ‘दादा, चाल ना घरी. भाव अजून चढला!’ बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नाही. भासऱ्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. हे डोळे पुसत बैलांना पाणी दाखवायला गेले. तिथं मध्ये बोलायला गाय नव्हती. मी पदर मागे सारला, त्यांच्यासमोर बसले, आणि म्हटलं, ‘तुमी काहून निघून आले जी?’

त्यांनी पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं. रागावले नाहीत. हळूहळू बोलले, ‘तुमी सांगतलं, सर्वाईचंच असं होते. तवा मले वाटलं, सर्वे लोक एवढं वझं छातीवर घेऊन हासतात, बोलतात, बजार करतात. मीच एक नादान, मलेच झेपत नाही. लाज वाटली मले त्या घरात राहाची.’

गोदे, मी धीर दिला समजत होते. मी त्यांच्या हातची काठी काढून घेतली होती.

मी म्हटलं, ‘मी चुकले जी. मले माहीत नव्हतं. सर्वाईचं असं नसते. तुमचं वझं तुमचंच हाय आन् लय मोठं हाय.’ ते माझ्याकडे पाहत राहिले आणि लहान मुलासारखे रडले. मीही. बऱ्याच वेळानं उपरणं तोंडावरून फिरवून म्हणाले, ‘हे ऐकाले बरं वाटते. येत जा, सांगत जा.’ घरी मात्र लगेच नको म्हणाले, थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले. मी येते म्हटलं. आणि मग वेचणी आली, पाहुणे आले. संक्रांत झाली की जाऊ, मग होळी झाली की जाऊ. फाल्गुनात ताप आला त्यांना. अन्न कमी झालेल्या अंगात ताप सोसायला होतंच काय? आम्ही पोचलो तेव्हा सारं आटोपलं होतं. मठातले एक बाबा म्हणाले, ‘रोज दुपारी वेशीपर्यंत जाऊन गाड्या पाहून येत होते.’

पुढे ती लढाई संपली, भाव कोसळला, सारं गाव महिनाभर रडलं आणि पुन्हा उठून कामाला लागलं. तेव्हा मला फरक कळला. कारण असलं की मन बसतं, आणि दिवस गेले की आपसूक उठतं, ते सगळ्यांचंच. पण कारण नसताना बसलेलं मन दिवसामागून दिवस उठतच नाही, जिभेची चव जाते, आपल्या हातची कला आपल्यालाच परकी होते, तेव्हा ‘सगळ्यांचंच असतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये, मग ती सासू असो की मावशी. तुझं यातलं कोणतं, ते मला पत्रातून कळायचं नाही. तोंड पाहायला हवं, जवळ बसून विचारायला हवं, आणि गरज पडली तर मिळून वैद्य शोधायला हवा.

तेव्हा लोणच्याचं राहू दे. सासूबाईंना सांग, मावशी आजारी आहे. तेवढं खोटं माझ्या नावावर घाल. अकोल्याहून आगगाडी धरून बडनेऱ्याला उतर, मी बैलांची दमणी पाठवते. संक्रांतीनंतर येते असं लिहू नकोस. या सोमवारी ये. सोमवारी आली नाहीस तर मंगळवारी हे दुखरे गुडघे घेऊन मीच गाडीत बसलेली असेन, पण तू ये गं, लवकर ये.