थरथर आणि मी

दारव्ह्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देण्याचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी एका विहिरीवरचा पंप दुरुस्त करताना मला शॉक बसला. भाजलेला तळहात महिनाभरात बरा झाला. पण मेन स्विचजवळ गेलो की दोन्ही हात थरथरू लागत. पुढे घरीसुद्धा ते कधीही कापू लागले. शेवटी शटर ओढून घरीच बसलो. कुणी विचारलं की सांगायचो, "मी भेकड झालो. आता मायाच्यानं काम होत नाही."

बायकोनं मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं मंगळवारी एक समुपदेशक बाई येत. त्यांनाही मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "भेकड हा शब्द थोडा बाजूला ठेवू. ही थरथर कधी येते, ती तुम्हाला काय करू देत नाही, ते सांगा."

मी गोंधळलो. थरथर म्हणजेच मी, असं इतके दिवस धरून चाललो होतो.

पुढच्या वेळी त्यांनी बायकोलाही आत बोलावलं. "थरथर असतानाही यांनी एखादं काम पूर्ण केलेलं पाहिलंय तुम्ही?"

 ती म्हणाली, "मले ताप होता, तवा यायनं पोरीची वेणी घालून देल्ली. हात कापून राह्यले होते. तीनदा सुटली, तरी घातली. पोरगी टायमावर शाळेत गेली."

मी ते विसरूनच गेलो होतो. बाईंनी मात्र त्यावर खूप विचारलं. वेणी घालायला कुणी शिकवलं? तीनदा सुटल्यावर उठून का गेला नाहीत? आई कापूस वेचायला जायची, तेव्हा धाकट्या बहिणीचं मीच आवरून द्यायचो, हे कित्येक वर्षांनी तोंडून निघालं. बोलता बोलता मी ताठ बसलो होतो.

"पण थरथर खरी हाय, बाई," मी म्हणालो.

"खरीच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच नाही."

चार महिने जात राहिलो. मग दुकान उघडलं. आधी नुसतं वाइंडिंग केलं, विजेला हात लावला नाही. एका सकाळी रबरी हातमोजे घालून स्विचसमोर उभा राहिलो, हात स्थिर होईपर्यंत थांबलो आणि मोटार सुरू केली.

अजूनही कधीकधी घरी गेल्यावर सांगतो, "आज थरथर आलती."

"मंग?" पोळी लाटता लाटता बायको विचारते.

"मंग काय, चाय पेलो अन् कामाले लागलो."

ती ताट वाढायला घेते.