बालवाडीतली दुसरी पेटी

आमची खोली घाटकोपरच्या डोंगरावर, शेवटच्या गल्लीत. मागे दरड आणि तिन्ही बाजूंनी लोकांच्या भिंती, म्हणून घरात फोन लागत नाही. पालिकेच्या पैशाने वस्तीत फुकट वायफाय बसणार असं कळलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. माझी मुलगी मस्कतला एका घरात म्हातारीची सेवा करते. ती नेटवरूनच फोन करते.

वायफायची पेटी कुठे लावायची ते बघायला वॉर्डातून साहेब आले. बायका म्हणाल्या, बालवाडीत लावा. बालवाडीला दार आहे, दुपारनंतर तिथे कोणी नसतं. मी मागे उभी राहून मान हलवत होते. मंडळाचे पुरुष म्हणाले, नाक्यावर लावा, मंडळाचा बोर्ड रस्त्यावरून दिसेल. पेटी नाक्यावर लागली. उद्घाटनाला पेढेही वाटले.

नाक्यावर संध्याकाळी कॅरम चालतो. मुलीला फोन करायला सवड मिळते तीही संध्याकाळीच. माझा फोन जुना, कानाला लावला तर काही ऐकू येत नाही, स्पीकरच लावावा लागतो. मला फोन उचलायचा आणि ठेवायचा, एवढंच येतं. भिंतीकडे तोंड करून, पदर फोनवर धरून मी बोलायची. तरी सगळ्यांना सगळं ऐकू जायचंच.

एकदा ती म्हणाली, "आई, मी परत येऊ का गं?"

तिचा आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. मी काही बोलायच्या आत कॅरमवरचे एक मालवणी काका सोंगटीला नेम धरता धरता ओरडले, "इतक्यातच दमलां काय चेडू? आता खय विमानातून उतरलां होतां!"

सगळे हसले. काकांच्या मनात वाईट नव्हतं, तिला लहानपणी खांद्यावर घेऊन गणपती दाखवलेला माणूस तो. पण हसणं तिकडे पोचलं.

"कोण कोण आहे तिथे?" तिने विचारलं.

"सगळे आहेत."

"काही नाही गं. सहज विचारलं."

मी विचारलं, "जेवलीस का?" ये म्हणायचं होतं. ते डोंगर चढताना सुचलं, घरी पोचेपर्यंत मी तेच पुटपुटत होते.

मग बरेच दिवस फोन आला नाही. आला तेव्हा ती मोठ्याने, नाक्याला ऐकू जाईल अशी बोलली. "एकदम झकास चाललंय आई. एसी आहे खोलीत." मी हळूच म्हटलं, "तू परत यायचं म्हणत होतीस ना?" कॅरमचा आवाज थांबला.

"मी? छे! वेड लागलंय का तुला?"

तेव्हापासून आमचं बोलणं असंच. ती नाक्यासाठी बोलते, मीही नाक्यासाठी हसते. तिने तिथल्या कामाची मुदत वाढवून घेतली.

यंदा पालिकेच्या निधीतून दुसरी पेटी आली. साहेबांनी जागा विचारली, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी बोलले, "बालवाडी." शेजारीण चाट पडली. "अगो बाय, तुला तोंड आहे?" म्हणाली. या वेळी मात्र पेटी बालवाडीतच लागली.

पहिल्या संध्याकाळी बालवाडीच्या बाईंकडून किल्ली घेतली. आत गेले, कडी लावली, पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसले. फोन वाजला.

"आता इथे कोणी नाही," मी म्हटलं. "दार बंद आहे. बोल."

पलीकडे कुठेतरी भांडं धुतल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"बोल ना गं. यायचंय का तुला?"

"बरी आहे गं मी," ती म्हणाली. तसंच, मोठ्याने. "एकदम झकास. तू जेवलीस का?"